यंत्र लहान झाले, बोटे मात्र तेवढीच!

मुलांसाठी छोटा संगणक घेताना आई-वडिलांनी काय पाहावे?

बारावीचा निकाल लागला की ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर इथल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. मुलगी कॉलेजात जाणार, मुलगा डिप्लोमाला लागणार, तेव्हा आता घरात संगणक हवा. वडील वागळे इस्टेटमध्ये नाहीतर डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला, आई चार घरची कामे करते किंवा शिवणकाम घेते. भिशीचे नाहीतर बोनसचे पैसे हाती आलेले असतात. खोली दहा बाय दहाची. टेबल ठेवायला जागा नाही. अशा वेळी दुकानदार म्हणतो, "हा छोटा घ्या. वजनाला हलका, किमतीला हलका. पिशवीत घातला की झाले."

बोलणे खोटे नसते. ज्याला कल्याणहून सकाळची फास्ट लोकल पकडायची आहे त्याला वजनाची किंमत कळते. पाठीवरची पिशवी पोटाशी धरून, एका पायावर उभे राहून ठाण्यापर्यंत यायचे, तर पाव किलोही जड वाटतो. तरीही घाई करू नये. संगणक लहान झाला की तो काही गोष्टी देतो आणि काही काढून घेतो. काय देतो ते दुकानात लगेच दिसते. काय काढून घेतो ते मात्र सहा महिन्यांनी कळते, आणि तोवर पैसे गेलेले असतात. आपल्या घरांत अशी खरेदी चार-पाच वर्षांतून एकदाच होते. म्हणून हा हिशोब आधीच मांडलेला बरा.

लहान संगणकाची गोष्ट

हा मोह आजचा नाही. १९९६ साली जपानच्या तोशिबा कंपनीने 'लिब्रेटो' नावाचा संगणक काढला. वजन जेमतेम ८४० ग्रॅम, पडदा सहा इंचांच्या थोडा वर, आणि त्यावर चक्क विंडोज ९५ चाले. लोकांनी कौतुक केले. पण त्याची बटणे इतकी जवळजवळ होती की मोठ्या माणसाला दहा बोटांनी टाइप करणे कठीणच होते.

त्यानंतर ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असूस कंपनीचा 'ई पीसी' आला. सात इंचांचा पडदा, वजन एक किलोच्या आत, आणि किंमत नेहमीच्या लॅपटॉपपेक्षा बरीच कमी. लागलीच जानेवारी २००८ मध्ये आपल्याकडे एचसीएलने सात इंची 'मायलीप' सुमारे चौदा हजार रुपयांपासून बाजारात आणला. अशा यंत्रांना 'नेटबुक' हे नाव पडले. लॅपटॉप म्हणजे साहेबाची वस्तू, अशी तोपर्यंतची समजूत होती. चौदा हजार हा आकडा ऐकून पहिल्यांदाच कामगारांच्या घरांतही लॅपटॉपची गोष्ट बोलली जाऊ लागली.

पुढे काय झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. असूसनेच २००८ या एका वर्षात आधी नऊ इंचांच्या जवळपासचे आणि मग दहा इंचांचे नेटबुक काढले. यंत्र आणखी लहान करणे अशक्य होते म्हणून नव्हे, तर सात इंचांवर काम करून लोक थकले म्हणून. पुढे टॅब्लेट आले, मोबाइल मोठे झाले, आणि २०१३ पर्यंत असूस व एसर या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी नेटबुकांचा धंदा गुंडाळला. त्या जागी आता साडेअकरा इंचांच्या आसपासचे हलके लॅपटॉप आहेत. २०२३ साली आलेला 'जिओबुक' त्यातलाच: ११.६ इंचांचा पडदा आणि वजन ९९० ग्रॅम.

म्हणजे कारखानदारांनी खाली जाऊन पाहिले आणि पुन्हा वर आले. त्यांना कोणी अडवले? माणसाच्या बोटांनी आणि डोळ्यांनी. यंत्राच्या आतली चिप दरवर्षी बारीक होते, बोटे आणि डोळे आहेत तेवढेच राहतात.

बोटांचे माप आणि मराठीचा कळफलक

नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असते. वरच्या ओळीत 'क्यू' पासून 'पी' पर्यंत दहा अक्षरे, म्हणजे ही ओळ सुमारे १९ सेंटिमीटर भरते. हे माप जुन्या टाइपरायटरपासून चालत आले आहे आणि माणसाच्या पंजाला धरून आहे. ते थोडे कमी झाले तर सवयीने जमते. फार कमी झाले की एका बोटाखाली दोन बटणे येतात, मग मूल दहा बोटे सोडून दोन बोटांनी टाइप करू लागते. ती सवय एकदा लागली की सुटत नाही.

आपल्याला याचे काय, असे कोणी विचारील. तर ऐका. सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखक व्हायचे असेल तर मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागतो. ही परीक्षा आता संगणकावर होते. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुला-मुलींची पहिली पगारी नोकरी या एका प्रमाणपत्रावर अवलंबून असते. दोन बोटांनी तीस शब्द निघत नाहीत.

मराठीची आणखी एक अडचण आहे, आणि ती इंग्रजी मापाने यंत्र बनवणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. भारतीय भाषांसाठी 'इन्स्क्रिप्ट' नावाची कळफलकाची रचना आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ती मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. व्यंजने भरपूर असल्याने ती उजव्या कडेपर्यंत पसरतात. इंग्रजीत जिथे अर्धविराम आहे तिथे मराठीचा 'च' येतो. अवतरणचिन्हाच्या बटणावर 'ट', चौकटी कंसाच्या बटणावर 'ड', आणि तिरक्या रेघेच्या बटणावर 'य'.

आता लहान लॅपटॉप करताना जागा कुठून काढतात? बऱ्याचदा या उजव्या कडेवरूनच. इंग्रजी लिहिणाऱ्याला चौकटी कंस दिवसातून कितीदा लागणार? म्हणून ती बटणे अरुंद करतात, नाहीतर दुसऱ्या बटणाबरोबर दाबायला लावतात. इंग्रजीवाल्याचे एक विरामचिन्ह जाते, आपला मात्र 'जय' मधला 'य' आणि 'आंबेडकर' मधला 'ड' अडचणीत येतो. दुकानात इंग्रजीत नाव टाइप करून पाहिले तर हे कधीच कळणार नाही.

डोळे आणि काना-मात्रा

पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके घेतात. त्यामुळे सात इंच म्हणजे चौदा इंचांच्या निम्मे, असा समज होतो. तो चुकीचा आहे. लांबीही निम्मी आणि रुंदीही निम्मी, म्हणजे क्षेत्रफळ चौथाई!

घरच्या घरी करून पाहा. ए-४ आकाराचा कागद घ्या, ज्यावर झेरॉक्स काढतात तो. त्याचे तिरके माप साधारण चौदा इंच भरते. त्याची एक घडी घाला: दहा इंचांच्या टॅब्लेटएवढा कागद हाती येईल. आणखी एक घडी घाला: हा झाला सात इंचांचा पडदा. आता त्या चौथाई कागदावर शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला आणि गुणपत्रिका एकमेकांशी ताडून पाहायची आहे अशी कल्पना करा.

देवनागरीला तर जागा अधिकच लागते. इंग्रजी अक्षर एका ओळीत बसते. आपल्या अक्षरावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. म्हणजे एका ओळीत तीन मजले. अक्षर बारीक केले की पहिल्यांदा वरचा आणि खालचा मजला दिसेनासा होतो. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक मिटतो. 'कांबळे' मधला अनुस्वार राहून गेला की अर्जातले नाव आणि दाखल्यावरचे नाव वेगळे होते. मग अर्ज परत येतो आणि मुलाचे वडील एक खाडा करून कार्यालयात हेलपाटा घालतात.

आजच्या मोबाइलचे पडदे पूर्वीच्या मानाने फार स्वच्छ आहेत, अक्षर बारीक असूनही रेखीव दिसते. पण रेखीव अक्षर आणि डोळ्यांना सोसणारे अक्षर यांत फरक आहे. दहा मिनिटे निरोप वाचणे निराळे आणि तीन तास ट्यूबलाइटखाली अभ्यास करणे निराळे.

आपल्याकडे झालेले प्रयोग

गरिबांच्या मुलांसाठी स्वस्त, छोटा संगणक काढायचे प्रयत्न आपल्या देशात झाले आहेत. त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि तिथले अभियंते यांनी एकत्र येऊन तळहातावर मावणारा 'सिंप्युटर' घडवला. २००४ साली तो 'अमिडा' या नावाने सुमारे दहा हजार रुपयांना विक्रीला आला. कल्पना फार चांगली होती. यंत्र गावात एकच, पण प्रत्येकाचे स्वतःचे स्मार्ट कार्ड. ज्याचे कार्ड घालाल त्याची माहिती उघडेल. ज्याला वाचता येत नाही त्याला यंत्र आपल्या भाषेत बोलून दाखवेल. पण पडदा तळहाताएवढा आणि लिहायला काडीसारखे पेन. विक्री काही हजारांच्या पुढे गेली नाही.

दुसरा प्रयोग आपल्या कर्जत लाइनकडचा. अमेरिकेतून 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी मोहीम निघाली होती. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजावाजा झाला, प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या जवळ गेली. भारत सरकारने २००६ साली त्याला नकार दिला होता. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांना ही हिरवी-पांढरी यंत्रे देण्यात आली. पडदा साडेसात इंचांचा, पण उन्हातही वाचता येईल असा. कीबोर्ड रबरी, धूळ-पाणी आत न जाणारा, आणि मुद्दाम लहान मुलांच्या बोटांच्या मापाचा. पहिली ते चौथीच्या मुलांना तो बेताचा होता. मोठ्या माणसाच्या पंजाला तोच कीबोर्ड तोकडा पडतो. यातून एक गोष्ट शिकावी: लहान की मोठे हे यंत्राकडे पाहून ठरत नाही, कोणाच्या हातासाठी यावरून ठरते. सहा वर्षांच्या मुलाला जे पुरते ते सोळा वर्षांच्या मुलीला पुरेल असे नाही.

तिसरा प्रयोग 'आकाश' टॅब्लेटचा. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत त्याचे उद्घाटन झाले तेव्हा सव्वादोन हजारांच्या आसपास किंमत ऐकून सगळे चकित झाले. पडदा सात इंचांचा, पण जोर देऊन दाबावा लागणारा. यंत्र मंद, बॅटरी लवकर संपणारी. तक्रारी आल्या. मग हे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला 'आकाश-२' निघाला. हलक्या बोटाने चालणारा पडदा, दुप्पट स्मृती, अधिक वेग. यंत्र सुधारले, पण पडदा सात इंचांचाच राहिला आणि स्वतंत्र कीबोर्ड नव्हताच. पुढे ती योजनाही मागे पडली.

वाचणारा की लिहिणारा?

या तिन्ही प्रयोगांचे हेतू चांगले होते. तरी एक प्रश्न उरतो. गरिबाच्या मुलासाठी यंत्र करायचे ठरले की सर्वांत आधी कीबोर्ड आणि पडदाच का कापला जातो?

कारण पाहणे, ऐकणे आणि वाचणे लहान पडद्यावर भागते. व्याख्यान ऐका, धडा वाचा, उत्तराला बोट लावा. पण निबंध लिहिणे, हिशोबाचा तक्ता मांडणे, प्रोजेक्ट तयार करणे, प्रोग्रॅम लिहिणे, अर्ज करणे, तक्रार करणे या कामांना दहा बोटे लागतात आणि पुरेसा पडदा लागतो. लहान यंत्र माणसाला वाचक आणि प्रेक्षक करते. लिहिता करण्यासाठी थोडे मोठे यंत्र लागते.

२०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरल्या, तेव्हा हा फरक आपण घरोघरी पाहिला. ज्यांच्याकडे लॅपटॉप होता ती मुले लिहून पाठवत होती. ज्यांच्याकडे वडिलांचा एकच मोबाइल होता ती मुले वहीत लिहून वहीचा फोटो पाठवत होती. अभ्यास दोघांनीही केला, पण लिहिण्याचे साधन एकाच्याच हाती होते. आपल्या आजोबा-पणजोबांना अक्षरासाठी काय सोसावे लागले हे आपण जाणतो. तेव्हा 'आपल्या मुलांना एवढे पुरे' हे वाक्य कोणी म्हटले तर दोनदा विचार करावा.

मोबाइलवर बोलून मराठी टाइप करण्याची सोय गुगलने २०१७ पासून दिली आहे. ज्यांना टाइप करता येत नाही त्या आई-वडिलांना ती खरोखर उपयोगी आहे. पण एका खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, कुकरची शिटी, अशात पानभर निबंध बोलून लिहिणे कठीण. शिवाय परीक्षेच्या खोलीत बोलता येत नाही.

मग जागा नसलेल्यांनी काय करावे?

लहान हवे ते काय, हे आधी ठरवावे. संगणकाचा डबा लहान असला तरी चालतो. कीबोर्ड आणि पडदा लहान असला तर चालत नाही. आणि या तीन वस्तू एकाच यंत्रात असल्या पाहिजेत असा काही नियम नाही.

२०१५ साली आयबॉल कंपनीने पेनड्राइव्हपेक्षा थोडा मोठा असा 'स्प्लेंडो' संगणक नऊ हजारांच्या आत आणला होता. टीव्हीच्या मागे लावायचा आणि टीव्हीलाच पडदा करायचा. त्यात साठवणीची जागा फार थोडी होती, ही त्याची मर्यादा. २०२० साली आलेल्या 'रास्पबेरी पाय ४००' मध्ये तर अख्खा संगणक कीबोर्डच्या आतच बसवला. तोही टीव्हीला जोडता येतो. आज पुस्तकाएवढे छोटे डबेही मिळतात. अशी जोडणी घरात जागा खात नाही आणि बोटांना पुरे माप मिळते. मात्र टीव्हीला एचडीएमआयची खाच हवी. वीज गेली की असा संगणक बंद पडतो. आणि संध्याकाळी आजीची मालिका व नातीचा अभ्यास यांची वेळ एकच असते, तो तंटा घरात बसून आधी मिटवावा!

सध्या पैसे नसतील तर घरातल्या मोबाइललाच तारेचा साधा कीबोर्ड जोडून पाहावा. त्यासाठी ओटीजी नावाची छोटी जोडतार लागते. काही शेकड्यांत काम होते. पडदा लहानच राहील, पण निदान दहा बोटांची सवय लागेल.

आणि एकेका घराला जमत नसेल तर चार घरांनी मिळून करावे. अनेक वस्त्यांतल्या बुद्धविहारांत अभ्यासिका चालतात. तिथे दोन चांगले पडदे आणि दोन पूर्ण मापाचे कीबोर्ड ठेवले तर कितीतरी मुलांची सोय होईल. सिंप्युटरची कार्डाची कल्पना इथे उपयोगी पडते: यंत्र सर्वांचे, पेनड्राइव्ह ज्याचा त्याचा.

दुकानात जाताना

खरेदीला निघताना खिशात फूटपट्टी आणि ए-४ कागद ठेवा. दुकानदार हसला तर हसू द्या. आणि पुढील गोष्टी पाहा.

१. आधी काम ठरवा. फक्त वाचायचे, ऐकायचे असेल तर दहा इंचांचा टॅब्लेट पुरेल. लिहायचे असेल तर साडेअकरा इंचांच्या खाली जाऊ नका. घरीच ठेवायचा असेल तर चौदा-पंधरा इंचांचा घ्या.

२. 'क्यू' च्या डाव्या कडेपासून 'पी' च्या उजव्या कडेपर्यंत मोजा. एकोणीस सेंटिमीटरच्या जवळ असेल तर उत्तम. साडेसतरापर्यंत निभावते. सोळाच्या खाली असेल तर टंकलेखन शिकणाऱ्या मुलाला घेऊ नका.

३. कीबोर्डच्या उजव्या कडेची बटणे बघा. च, ट, ड, य ही मराठी अक्षरे जिथे येतात ती बटणे पूर्ण आकाराची आहेत का?

४. ज्याला वापरायचे आहे त्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. तिथेच अर्धे पान मराठी टाइप करू द्या. हात तिचे आहेत, निवडही तिच्या हातांनी होऊ द्या.

५. वजन उचलून पाहा, पण हिशोबाने. एक किलोचा आणि दोन किलोंचा लॅपटॉप यांतला फरक म्हणजे पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली. रोज लोकलने नेणार असाल तर तो फरक मोठा आहे. महिन्यातून दोनदा नेणार असाल तर नाही. चार्जरचे वजन धरायला विसरू नका.

६. साठवण ३२ जीबीच असेल आणि त्यावर विंडोज असेल तर सावध राहा. विंडोजच्या नव्या नव्या सुधारणांनीच ती जागा भरते.

७. दुरुस्तीचे विचारा. फार पातळ यंत्रांत बॅटरी चिकटवलेली आणि स्मृतीची चिप डाखलेली असते, ती वाढवता येत नाही. नेहमीच्या मापाच्या लॅपटॉपचा कीबोर्ड, बॅटरी सहसा सहज मिळते. जुना पण चांगला चौदा इंची लॅपटॉप बिल आणि हमीसह मिळत असेल तर तो नव्या सात-आठ इंची खेळण्यापेक्षा बरा.

आई-वडिलांनो, किंमत आणि वजन पाटीवर लिहिलेले असते. आपल्या मुलीच्या बोटांचे माप पाटीवर नसते, ते आपणच घेऊन जायचे. तिला नुसते पाहायला देणारे यंत्र नको. तिच्या दहाही बोटांना जागा देणारे, तिला लिहिते करणारे यंत्र घरात येऊ द्या.